जड चार्जर

आमच्या शेजारचे अण्णा दारात आलेल्या माणसाला आधी 'बसा' म्हणत नाहीत, त्याच्या हातातली बॅग घेतात. दोनदा वरखाली करतात आणि निकाल देतात. माझी मेहुणी पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या फाटकातच तिची बॅग उचलून म्हणाले, "आठवडा कुटं गेला न्हाई, सर. साखर भरून ठिवा." मेहुणी अजून त्यांच्याशी बोलत नाही. राहिली मात्र दहा दिवस.

अण्णांची हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. निवृत्त होऊन राहुरीत घर बांधलं, पण काटा काही अंगातून गेला नाही. भाजीवालीचं माप ते हातावर तपासतात आणि बहुतेक वेळा सपशेल चुकतात. चुकले की म्हणतात, "वजन बोलतं, सर. आपल्याला ऐकू येत न्हाई येवढंच."

अण्णांची बायको, आमच्या काकू, वारल्या आणि अण्णांचं सगळं लक्ष एकाच बॅगेवर येऊन थांबलं. मुलगा सचिन पुण्यात कॉम्प्युटरवरचे गेम बनवतो. त्याचा लॅपटॉप पाटाएवढा आणि चार्जर म्हणजे अख्खी वीट. प्रवासात ती कोण वाहणार, म्हणून गावी येताना तो डबीएवढा दुसरा चार्जर आणायचा. त्यावर ई-मेल बघण्यापुरतं काम तेवढं व्हायचं. गेमचं काम लावलं की वायर खोचलेली असूनही बॅटरी उतरत जायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलेलं, "अण्णा, इथं काम होत नाही हो. निघतो."

अण्णांना ते आदल्या दिवशी बॅग उचलतानाच कळलेलं असे. कुंपणाशी येऊन मला सांगत, "वीट न्हाई आनली. उद्या जातोय." किती दिवस राहणार, हे त्यांनी मुलाला तोंडानं कधीच विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत असणार, असं मला आपलं वाटतं.

दिवाळीआधीच्या खेपेला सचिन आंघोळीला गेला तशी अण्णांनी मला खुणेनं बोलावलं. लॅपटॉप उलटा धरून म्हणाले, "काडा फोटू. लवकर!" चोरांसारखे आम्ही दोघं त्या पाठीवरच्या बारीक अक्षरांचे फोटो काढत होतो. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं नगरला. दुकानदारानं दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा हलका चार्जर पुढं केला. अण्णांनी तो तळहातावर तोलला आणि परत सरकवला. "पोकळ हाय. जड दावा."

जड मिळाला. येताना वाटभर तो त्यांच्या मांडीवर होता.

दिवाळीनंतर सचिन आला, तेव्हा अण्णांनी पहिल्यांदाच बॅग उचलली नाही. गरजच काय? वीट घरात, खाटेशेजारी खोचून तयार. सचिन खूश झाला. "भारीच की अण्णा! आता मला येताना काही आणायलाच नको." अण्णा लगोलग गवळ्याला आठवडाभर जादा दूध सांगून आले. येताना कुंपणाशी थांबले. "आता आठवडा कुटं गेला न्हाई, सर!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात होतो. सचिन बॅग खांद्याला लावून बाहेर पडत होता.

"ऑफिसातून फोन आला, अण्णा. जावं लागेल."

"व्हय, व्हय. काम हाय म्हंजे जायाच पायजे."

संध्याकाळी त्यांच्याकडं दिवा लागलेला दिसेना, म्हणून गेलो. अण्णा मुलाच्या खाटेवर बसले होते. चार्जर हातात. वरखाली करत होते.

"वजन तर लई हाय याचं," ते म्हणाले. "पन पोरगं काय थांबलं न्हाई."

अण्णांनी सवयीनं माझ्या हातांकडं पाहिलं. मी रिकाम्या हातानं आलो होतो, म्हणजे त्यांच्या हिशेबानं लगेच उठणारा.

"जादाचं दूध हाय," ते म्हणाले. "च्या घेता?"

मी खुर्ची ओढली आणि बसलो.