पुंजाने बाळसं धरलं

मोखाड्याला कारकुनी करणाऱ्या उमेशने जामसरच्या घरी ओट्यावर लॅपटॉप उघडला, तेव्हा त्याची आई सोमी नवं लुगडं नेसून समोर बसली होती. उमेशचा बाप पुंजा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याचा एकही फोटो घरात नव्हता. आता कुणाच्या तरी लग्नाची जुनी व्हिडिओ टेप सापडली होती, आणि तीत चक्क पुंजा तारपा वाजवत होता!

उमेशने जव्हारहून टेपवरचं चित्रण जसंच्या तसं, भल्यामोठ्या फाईलमध्ये भरून आणलं होतं. लॅपटॉपला ते पेलेना. पुंजाने गाल फुगवले, ते फुगलेलेच राहिले.

"अरे, श्वास तर घेऊ दे त्याला!" शेजारची नवशी ओरडली.

मग उमेशने फाईल दाबून दाबून एवढीशी केली. पुंजा हलू लागला, पण तोंडाच्या जागी नुसते चौकोन.

"हा तुझा बापूस का लादी रं?" सोमी रडकुंडीला आली. "मला तोंड बघायचंय त्याचं!"

उमेशने फाईल कमी दाबली आणि चित्र ज्या ठिपक्यांचं बनतं, त्यांचा आकार विचारणाऱ्या रकान्यात, चित्र मोठं दिसेल म्हणून, 'रुंद' निवडलं.

आणि काय सांगावं! साक्षात पुंजा आला. तारपा घुमला. सोमीने नकळत डोक्यावर पदर घेतला. जन्मभर काटकुळा असलेला पुंजा मात्र चांगला गुटगुटीत झाला होता. गालांवर मांस, पोटाला गोलाई.

"बाय माझे, केवढा भरला!" सोमी पुटपुटली. नवशीने तर हातच जोडले.

उमेशला राहवेना. "आये, माझं चुकलं. टेपमधला ठिपका एवढा रुंद नसतो, मी रुंद निवडला. बाबा ताणला गेलाय. थांब, खरा करतो."

त्याने आकार बदलला. पुंजा होता तसा झाला. गळ्याची हाडं वर आली, बरगड्या मोजून घ्याव्यात.

"मेल्या, उपाशी पाडलास की त्याला!" नवशी कळवळली.

"अगं काकी, पण असाच होता तो!"

"असाच होता," सोमी म्हणाली. "मला नको सांगू, मी वाढायची त्याला. नागलीची एक भाकर असली, तरी अर्धी माझ्याकडं लोटायचा." तिने डोळे पुसले. "हा मला रोज दिसतो रं. तो मघाचा लाव. त्याला मी कवा बघणार?"

उमेशने पुन्हा तीच चूक निवडली.