तेल वरून, वाफ खालून

शामराव कोणाच्याही घरी गेले की आधी वास घेत आणि मग नमस्कार करीत. "वहिनी, कालचं पिठलं आंबलं वाटते," असं उंबऱ्यातच म्हणणाऱ्या माणसाला चहा कोण देईल? आम्ही देत होतो. शेजारी पडले ना! वर्ध्याच्या तेलगिरणीत ते इंजिनिअर होते.

सरकीच्या तेलाचा वास मोठा चिवट. शामरावांच्या सदऱ्यापासून उशीपर्यंत तो भिनला होता. त्यापायी कमळावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अन्न जाईना. त्या आष्टीला माहेरी गेल्या त्या गेल्याच. "तेलाचा वास काढतो, मंगच तुले आनतो," असं शामराव त्यांना मोटारीत बसवताना बोलून बसले होते.

मग त्यांनी गिरणीत उंच लोखंडी मनोरा उभारला. वरून तापलेलं तेल झिरपणार, खालून वाफ चढणार आणि जाता जाता वास उचलून नेणार. "दोघांची भेट झाली पायजे. घाई नाई," हे त्यांचं पालुपद. भेट लांबावी म्हणून मनोऱ्यात भरायला त्यांनी सेलूच्या कुंभाराकडून बोटभर मातीच्या नळ्या करून घेतल्या.

"साहेब, याले बूड काऊन नाई?" कुंभारानं विचारलं.

"बूड असलं तं तेल आतच बसून राहीन ना बाप्पा."

तेव्हापासून कुंभार आमच्याकडे शामरावांच्या तब्येतीची चौकशी करी.

माझ्या बहिणीच्या लग्नात वाढप त्यांच्याकडे होतं, तिथंही त्यांनी हेच केलं. भात पंगतीच्या एका टोकाकडून, वरण दुसऱ्या टोकाकडून! निम्मी पंगत कोरडा भात घेऊन बसली, निम्मी पत्रावळीवरून पळणारं वरण अडवीत राहिली. बाबांनी कपाळाला हात लावला. शामराव मधल्या चौघांकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा, भेट झाली."

मनोऱ्यातल्या पहिल्या खेपेला वाफ जोरात सुटली आणि तेलच वर उडालं. शामराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. "ती नाई येत आता," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी वाफ कमी केली. पुढच्या खेपेला तेल असं निघालं की वासाचं नाव नाही. बाटली घेऊन ते आष्टीला निघाले, सोबतीला मला ओढलं.

वहिनींनी त्या तेलात पुरी तळली. शामराव दूर, अंगणाच्या फाटकाशी उभे.

"वास नाई," वहिनी म्हणाल्या. मग जवळ येऊन त्यांनी शामरावांची बाही हुंगली. "इथं हाय अजून."

शामरावांनी मान खाली घातली.

"राहू द्या. येवढा चालन मले. मोटार कवा हाय?"

जन्मभर 'घाई नाई' म्हणणारा हा माणूस वहिनींची ट्रंक डोक्यावर घेऊन थांब्याकडे पळत सुटला. मागून वहिनी म्हणत होत्या, "अवो, मले तं येऊ द्या."