दामलेकाका आणि कुऱ्हाडीच्या मुठीची बॅट

जर्मनीत रेगेन्सबर्गला दामलेकाकांच्या घरी गेलात, तर पाण्याआधी हातात बेसबॉलची बॅट येते. "धरा. डोळे मिटा. कशी वाटते?" यातून पोस्टमन सुटलेला नाही आणि धुराडं साफ करायला आलेला माणूसही नाही.

बेसबॉल काकांना कळत नाही. मॅचला जातात, धावा किती झाल्या ते शेजारच्याला विचारतात आणि उत्तर ऐकत नाहीत. "खेळ काय बघतोस? मूठ बघ, मूठ!"

काकांची सगळी नोकरी मोटारीच्या हँडब्रेकची मूठ घडवण्यात गेली. ते निवृत्त झाले आणि हँडब्रेकच्या जागी बटण आलं. "आल्झो, आता सांग, बटणात घडवायचं काय?" काकू त्याआधीच गेल्या होत्या. मग काकांनी तळघरात लेथ बसवला आणि बॅटी सुरू केल्या.

बॅटीही एकाच जातीच्या, कुऱ्हाडीच्या मुठीच्या. "जुन्या बॅटीच्या टोकाला गोल बोंड," काका सांगतात. "पिढ्यान्‌पिढ्या सगळे तेच धरत आले. ते तळहातात रुततं, मनगटाजवळचं चिमुकलं हाड मोडतं, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. मग अमेरिकेत एक लाकूडकाम करणारा गडी सरपण फोडत होता. त्याच्या लक्षात आलं, कुऱ्हाडीचा दांडा लंबगोल असतो, तो रुतत नाही! मग बॅटीला का नको? गेनाऊ! अगदी बरोबर!"

मी नववीत शाळा सोडलेला, इथे एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी. जर्मन पत्र आलं की न उघडताच बाजूला ठेवतो. सोमवारी हॉटेल बंद असतं, तेव्हा मी पत्रं घेऊन काकांकडे जातो. ते वाचतात, उत्तरं लिहितात, आणि वर आमटी-भात खाऊ घालतात. करतो मीच.

गेल्या हिवाळ्यात माझं उजवं मनगट दुखायला लागलं. कोणाला बोललो नाही. व्हिसा नोकरीवर, नोकरी हातावर. सोमवारी काकांनी बॅट पुढे केली, ती मी डाव्या हाताने घेतली.

"डावखुरा कधी झालास?"

"पहिल्यापासून आहे, काका."

"बरं. इथे सही कर."

सवयीने उजव्या हातात पेन धरलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. तो कागद पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होता, हे मला नंतर कळलं.

मग सांगितलंच. दिवसभर रश्श्यात मोठा कालथा फिरवायचा, त्याच्या दांड्याचं गोल टोक तळहातात रुततं.

"बोंड!" काका आनंदाने ओरडले, आणि लगेच ओशाळले. माझा हात कागदावर ठेवून त्यांनी कडेने पेन्सिल फिरवली. दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन. "हात दुखला म्हणून इथे कोणी हाकलत नाही, वेड्या."

हाड शाबूत निघालं, नुसती सूज होती. डॉक्टरांनी दोन आठवडे सुट्टी लिहून दिली. मालक एवढंच म्हणाला, लवकर बरा हो.

कामावर जायच्या आदल्या दिवशी काकांकडे गेलो, तर त्यांनी हातात नवाकोरा कालथा दिला. दांड्याला बॅटीच्याच लाकडाची लंबगोल मूठ, माझ्या तळव्याच्या मापाची.

"वापर, आणि सोमवारी येऊन सांग कुठे रुतते ते."

"नाही रुतली तर?"

काका बाहीवरचा भुसा झटकत राहिले.

"तरी ये," म्हणाले. "पत्रं नसली तरी ये."