आधी पोट, मग पाय

आमच्या भाऊ चव्हाणांच्या खो-खो अकादमीत शिरायचं, तर फाटकातच एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "जेवलास का?" आणि उत्तर खरं द्यावं लागतं. पोर खोटं बोललं की भाऊंना म्हणे डोळ्यांवरून कळतं. मग "आधी पोट, मग पाय!" असं ओरडून ते त्याला पायरीवर बसवतात आणि डबा पुढ्यात ठेवतात. डबा संपेपर्यंत खेळ बंद.

मी इकडे हिंदी मुलखात, इंदरगंजात त्यांची शेजारीण. आमचं भांडण जुनं आहे. अहो, अकादमी सुरू झाली तीच मुळी आमच्या मराठी गणेश मंडळाच्या मांडवाच्या बल्ल्या ढापून! बिर्लानगरात बंद गिरणीमागचं मैदान भाऊंनी हेरलं, कामगारांची पोरं गोळा केली आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी दोन बल्ल्या नेऊन खांब म्हणून रोवल्या. मंडळाची सचिव मी. पुढच्या वर्षी मांडव एका बाजूनं लंगडा! जाब विचारला तर म्हणतात कसे, "गणपती काय, बसूनच असतो. माझ्या पोरांना पळायचंय."

तेव्हा कमलवहिनी होत्या. भाऊ शिट्टी वाजवायचे आणि वहिनी पोळीभाजी घेऊन फाटकात उभ्या. "जेवलास का?" हा प्रश्न मूळचा त्यांचा. पोरं सगळी हिंदी बोलणारी. त्यांना वाटलं, हा खो-खोचाच नियम असणार. वहिनी गेल्या आणि प्रश्न भाऊंनी उचलला.

अकादमी वाढली. भिंड-मुरैन्याहून पोरं येऊ लागली, त्यांना राहायला खोल्या झाल्या, मॅट आली. मुलींचा संघ पहिल्यांदा महाराष्ट्रात खेळायला गेला, तेव्हा नाणेफेकीआधी सगळ्या जणींनी ओळीनं पंचांशी हात मिळवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "जेवलास का?" पंच बघतच राहिले. कर्णधार सपना कुशवाह म्हणाली, "सर, हमारे यहाँ इसके बिना खेल शुरू नहीं होता." भाऊ दिवसभर छाती फुगवून फिरत होते.

घरी मात्र वेगळंच. संध्याकाळी मैदानावरून आले की मी गॅलरीतून विचारायची, "भाऊ, जेवलात का?" "हो हो, झालं केव्हाच!" कसलं डोंबलाचं झालं! फोडणीचा वास नाही की भांड्याचा आवाज नाही. भाजी पाठवावी, तर ती दुसऱ्या दिवशी पोरांच्या डब्यात.

"आपल्या मुलखात जाऊन राहावं हो," असं नेहमी म्हणायचे. "भाजीवाल्याशीसुद्धा मराठीत भांडावं!" मुलगा पुण्यात. यंदा तो न्यायलाच आला. सपना आता अकादमीतच शिकवते. शिट्टी तिच्या हातात देऊन भाऊ गेले. शेजारचा दिवा लागेना, तेव्हा मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीसुद्धा झाली नव्हती. एका संध्याकाळी सपनाचा फोन, "काकी, भाऊ स्टेशनसे सीधे ग्राउंड आ रहे हैं. जल्दी आओ!" रिक्षा करून गेले, तर भाऊ बॅग घेऊन फाटकाबाहेर उभे.

"काय झालं हो पुण्याला?"

"काही नाही. सून चांगली, नातू गोड. जेवण टेबलावर झाकलेलं असतं. ज्याला जमेल तसा येतो, गरम करतो, खातो. भाजीवाल्याशी भांडलोसुद्धा." मग म्हणाले, "पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप दाराशी जायचे. तिथं विचारू कुणाला?"

ते आत शिरायला लागले, तर सपनानं हात आडवा धरला. नियम म्हणजे नियम.

"भाऊ, जेवलास का?"

आता 'हो हो, झालं केव्हाच' ऐकायला मिळणार, म्हणून मी कपाळाला आठी घालून तयारच होते. भाऊंनी बॅग खाली ठेवली.

"नाही गं," ते म्हणाले. "कमल गेल्यापासून धड जेवलोच नाही."

सपनानं त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतःचा डबा उघडून पुढ्यात ठेवला. पोरं मॅटवर ओळीनं बसून होती. डबा संपेपर्यंत शिट्टी वाजली नाही.