माझा कणा आणि डेलचा स्टेक

माणसाने आपल्या स्वभावाची जाहिरात करू नये, आणि बायकोसमोर तर मुळीच करू नये. मी ती एका रविवारी सकाळी, कॉफीचा दुसरा कप हातात असताना केली आणि त्यापायी माझी खुर्ची पणाला लागली.

खुर्ची म्हणजे बैठकीतली, दांडा ओढला की पाय वर घेऊन मागे रेलणारी. रंग तपकिरी. (दुकानात तो वेगळा होता, असं डोरीन म्हणते.) डाव्या बाजूची स्प्रिंग वर आली आहे, पण ती कुठे टोचते ते मला ठाऊक आहे आणि मी कुठे बसतो ते तिला. काउंटीच्या जमीन-नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं लाकडी स्टुलावर काढलेल्या माणसाने देवाकडे आणखी काय मागावं?

"येता सोडून पुढच्या गुरुवारी मोठा कचरा न्यायला गाडी येते," डोरीन म्हणाली. "खुर्ची बाहेर काढायची."

"नाही."

"नाही?" ती माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. "अरे मर्ल, आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हणालायस तू? न्हावी तुझे केस वाकडे कापतो, तू आरशात बघून 'एकदम मस्त' म्हणतोस. छपराच्या पन्हाळी विकणारा आला, त्यालाही 'एकदम मस्त'! आपल्या घराला दुहेरी पन्हाळी आहेत, मर्ल. लोक गाडी थांबवून बघतात."

"मलाही कणा आहे," मी म्हणालो. (हीच ती जाहिरात.)

"असं? मग शनिवारी आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे. तू मला स्टेक खायला नेणार आहेस. ताटात काही बिघडलेलं निघालं तर वाढणारीला तोंडावर सांगायचं आणि ताट परत पाठवायचं. पाठवलंस, तर खुर्ची राहिली. 'एकदम मस्त' म्हणालास, तर खुर्ची बाहेर."

"आणि काही बिघडलेलं नसलंच तर?"

"हॉटेल तू निवडणार आहेस ना?" डोरीन म्हणाली.

मी 'रस्टी लॅसो' निवडलं. ते मॉलच्या वाहनतळाच्या टोकाला, टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध आहे. (ही जागा किती विचारपूर्वक निवडली होती, ते स्टेक चावताना कळलं.) भिंतीवर घोडागाडीची चाकं, खोगीर आणि एक खोटा निवडुंग. ओहायोतल्या माणसाने गुराख्यांच्या टेक्सासला न जाताच निराश होऊन घरी यावं, अशी ती सोय आहे. आमच्या वयाची माणसं संध्याकाळचं जेवण साडेचारला जेवतात, म्हणून हॉटेल भरलेलं होतं.

डोरीनने मासा मागवला. मी स्टेक मागवला, बाहेरून भाजलेला आणि मधोमध गुलाबी राहिलेला मांसाचा जाड तुकडा, आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, देवा, तो खराब निघू दे.

देवाने ऐकलं. ताटात आलेला पदार्थ आरपार राखाडी होता. सुरी त्यावरून दोनदा घसरली. तिसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा स्टेक जागीच राहिला आणि बटाटा डोरीनकडे गेला. मी आनंदाने पहिला घास तोंडात घातला आणि चावायला लागलो.

वाढणाऱ्या बायकांना कुठेतरी शिकवत असावेत: गिऱ्हाइकाच्या तोंडात घास आहे याची खात्री झाली की मगच चौकशी करायची. आमची वाढणारी वांडा नावाची, साठीकडे झुकलेली प्रेमळ बाई होती. ती लगबगीने आली.

"कसं वाटतंय, राजा?"

मला बोलता येईना. माझा अंगठा वर गेला. मी तो वर केला नाही, तो गेला.

"संपलं," वांडा वळल्यावर डोरीन म्हणाली.

"अंगठा हिशेबात धरायचा नाही!" मी कसाबसा घास गिळला. "पैज तोंडाने बोलायची होती."

"बरं. अंगठा माफ. पुढच्या वेळी तोंड."

थोड्या वेळाने वांडा पुन्हा आली. "अजून काम चालू आहे का, राजा?" जेवण संपलं का, हे आमच्याकडे असंच विचारतात, आणि एरवी हा प्रश्न मला कधी खटकला नव्हता. त्या दिवशी तो शब्दशः खरा होता. मी सुरी खाली ठेवली, रुमालाने ओठ टिपले आणि खुर्चीचं स्मरण केलं.

"हे बघा वांडा, हा जो स्टेक आहे..."

"अगदी तेच विचारायला आले! आमच्या डेलने केलाय तो. माझा नवरा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आज पहिल्यांदाच शेगडीपाशी उभा राहिलाय बिचारा. आतून सारखा विचारतोय, खिडकीजवळचे साहेब काय म्हणतायत?"

डोरीन गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"एकदम मस्त!" कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता. "असा स्टेक मी आयुष्यात खाल्ला नव्हता." (दुसरं वाक्य खरं होतं, पण ते पैजेत नव्हतं.)

पाच मिनिटांत डेल स्वतः लंगडत बाहेर आला. कपाटाएवढा माणूस. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दुसरा एक स्टेक माझ्यापुढे ठेवला. "हा माझ्याकडून, साहेब."

तेव्हा डोरीनने काटा खाली ठेवला. "डेल, माझ्या नवऱ्याने मधोमध गुलाबी मागितला होता. हा बुटाचा तळ झालाय. आणि माझ्या माशाच्या पोटात बर्फ आहे."

माझा रुमाल खाली पडला. मी तो उचलायला टेबलाखाली गेलो आणि तिथेच राहिलो.

"देवाचे आभार!" वरून डेलचा आवाज आला. "मला कधीपासून वाटतंय, शेगडी जास्त तापतेय. दहा जणांना विचारलं, दहाही जण 'मस्त' म्हणाले! वांडा, या बाईंना माशाऐवजी स्टेक. आत्ता!"

डोरीनला आलेला स्टेक मधोमध गुलाबी होता, सूर्यास्तासारखा. मला नवीन मिळाला नाही. मला माझा आवडला होता ना! उलट दुसराही डब्यात बांधून दिला. (पुढे तो शेजाऱ्यांच्या कुत्र्याला घातला. त्याने तो पुरला.)

डेल घटकाभर आमच्याजवळ टेकला. "डॉक्टर म्हणतात, बसताना पाय वर ठेव. पण घरी तशी खुर्ची नाही."

डोरीनचे डोळे लकाकले. "दांडा ओढायची चालेल? गुरुवारी सकाळी या."

डोरीन मनाने वाईट नाही. बुधवारी संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो, तर ती येऊन दांड्यावरची धूळ पुसायला लागली.

"हिच्यात बसलास की तू गुणगुणतोस," ती म्हणाली. "माहीत आहे तुला?"

"नाही."

"हे बघ, पैज गेली खड्ड्यात. उद्या डेलला तोंडावर सांग, खुर्ची माझी आहे, द्यायची नाही. एवढंच. त्याच्यासाठी दुसरी शोधू आपण."

दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी ते वाक्य चौदा वेळा म्हटलं. कचेरीत असताना असा आवाज काढला असता, तर खुर्चीवर बसून निवृत्त झालो असतो.

डेलने पिकअप दारात लावली. त्याने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. "खरंच देताय, साहेब? मनात काही असेल तर सांगा हं. तुमच्या बाईंसारखी तोंडावर बोलणारी माणसं मला आवडतात."

याहून सोपं कुणी कुणाला काय करून देणार? मी छाती भरून श्वास घेतला.

"एकदम मस्त!" मी म्हणालो. "न्या."

त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून जड बाजू मी धरली.

मी आत आलो, तर डोरीन बैठकीत उभी होती. गालिच्यावर खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे राहिले होते. ती त्यांच्याकडे बघत होती. मग स्वयंपाकघरात गेली, तिथलं लाकडी स्टूल घेऊन आली आणि खळग्यांच्या मधोमध ठेवलं.

"बस," ती म्हणाली. मी बसलो.

"कसं वाटतंय?"

या खेपेला मी खरं सांगणार होतो. पण अंगठा आधीच वर गेला होता.