आमच्या लॅपटॉपची सुरक्षा

ऑफिसातल्या अक्षयच्या कम्प्युटरला व्हायरस लागला आणि मी घरचा लॅपटॉप सुरक्षित करायचं ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय दुसऱ्याच्या दुखण्यातून होतात.) शहापूरच्या आमच्या घरात चोरण्यासारखं फारसं नाही, पण लॅपटॉपवर रंगूमावशीच्या आवाजातले धवळे होते. माझ्या सासुरवाडीला, टोकावड्यात, लग्नाची ही गाणी म्हणायला तीच जायची. माझ्या बायकोला, समीक्षाला, तिनंच वाढवलं. मावशी गेल्या वर्षी गेली. भाची दिपिकाच्या हळदीत तिचाच आवाज लावायचा, असं समीक्षानं ठरवलं होतं.

आठवडाभर मी उबंटू, फेडोरा आणि ओपनबीएसडी या विंडोजऐवजी बसवायच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम्सची तुलना केली. उबंटूचे अपडेट वेळच्या वेळी येतात, फेडोरा प्रत्येक प्रोग्रामला हद्द आखून देतो आणि ओपनबीएसडी तर आधी सगळी दारं लावून मगच आपल्याला घरात घेतो. जेवताना मी हे समीक्षाला समजावलं.

"यांचा कोड सगळ्यांना खुला असतो."

"आनि तरी सेफ?"

"म्हणूनच सेफ. इतक्या लोकांकडे असतो, की कोणा एकाला तो बिघडवता येत नाही."

"मंग जे सगळ्यांकडं हाय ते जात नाय."

"साधारण तसंच," मी म्हणालो. (तिला सोपं करून सांगितलं याचं मला कौतुकही वाटलं.)

रविवारी ओपनबीएसडी बसवायला घेतला. त्यानं विचारलं, पूर्ण डिस्क वापरू का? अर्धवट सुरक्षा काय कामाची, म्हणून मी हो म्हटलं. तासाभरानं लॅपटॉप इतका सुरक्षित झाला, की आत चोरण्यासारखं काही उरलंच नाही. मावशीचा आवाजही पुसला गेला होता. समीक्षाला सांगायची हिंमत झाली नाही.

टोकावड्यात हळदीला मी मांडवाच्या मागे, भाताच्या टोपाआड बसून राहिलो. दिपिकाला हळद लागली आणि स्पीकरवर मावशी गाऊ लागली. माझे डोळे भरून आले. ते मावशीसाठी की सुटलो म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

समीक्षा जवळ येऊन बसली.

"लॅपटॉपवरचं गेलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"रविवारपासून चहाला नावं ठेवली नाय तुमी."

"मग हे कुठून आलं?"

"तुमीच बोल्लात ना, सगळ्यांकडं असलं की जात नाय. तुमी लॅपटॉपला हात लावायच्या आधीच गावातल्या सगळ्या बायांना पाठवलं."

"चोराच्या भीतीनं?"

"चोराला काय भ्यायचं?"

मी फोन पुढे केला आणि म्हणालो, "मलाही पाठवून ठेव ना."

तिनं माझ्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाला नाय," ती म्हणाली. "सेफ राहू दे."