हालग्रिमने ओसदाल वाचवलं

हालग्रिमने काही ठरवलं की नॉर्वेतल्या आमच्या ओसदाल खोऱ्यात लोक आधी आपापली दारं लावून घेतात. माणूस वाईट नाही. ओसदालची बस त्याने नोकरीभर चालवली आणि कितीही बर्फ पडला तरी कोणाला अर्ध्या रस्त्यात उतरवलं नाही. पण निवृत्त झाल्यापासून त्याच्या अंगातली बस काही थांबायला तयार नव्हती.

त्या दिवशी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "स्क्रेदाल? आपण स्क्रेदालमध्ये? मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही. नाताळच्या आत ओसदाल स्वतंत्र करून दाखवतो."

प्रकरण असं होतं. हालग्रिम बिअरवेड्यांच्या एका मंडळाचा सभासद. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या छोट्या छोट्या भट्ट्या शोधायच्या, तिथे जाऊन चाखायचं आणि मंडळाच्या मोबाइलवरच्या नकाशात खूण करायची, हा या मंडळींचा उद्योग. त्यासाठी तिन्ही देशांचे विभाग पाडलेले. पाडणारा एकच, सिक्स्टेन नावाचा स्वीडिश गृहस्थ, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. तो तिकडे आपल्या स्वयंपाकघरात बसून आमच्या डोंगरांवर रेघा मारायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आधी त्याने नॉर्वेचे सरकारी जिल्हे हेच विभाग धरले होते. मग सरकारने जिल्हे एकमेकांना जोडले, त्याने नकाशा बदलला. चार वर्षांनी सरकारने त्यातले काही पुन्हा तोडले. तेव्हा सिक्स्टेनने सरकारला कोपरापासून हात जोडले आणि ठरवलं, की यापुढे डोंगर आणि खोरी बघून विभाग पाडायचे. निवडणुका झाल्या म्हणून डोंगर तरी हलत नाहीत.

त्याचा नियम साधा होता. विभागात निदान पाच भट्ट्या हव्यात. प्रत्येकीला नाव हवं, आणि दारात आलेल्या माणसाला घोटभर चाखायला मिळालं पाहिजे. पाच भरल्या नाहीत तर तो विभाग शेजारच्या विभागात जाणार, आणि नावही शेजाऱ्याचंच लागणार. ओसदालमध्ये नावाची भट्टी एकच, पुलाजवळच्या जुन्या शाळेतली.

आता शेजारी म्हणजे घाटापलीकडचं स्क्रेदाल. या लोकांनी आमच्या चर्चची घंटा पणजोबांच्या काळात एका लग्नापुरती उसनी नेली, ती अजून परत यायची आहे. त्यांच्याकडे आगीचा बंब आहे, आमच्याकडे नाही, आणि हे ते प्रत्येक मयतीच्या जेवणात सांगतात. तिकडचा नकाशा सांभाळणारा एम्ब्रिक हाच त्या बंबाचाही म्होरक्या. बातमी लागल्याबरोबर त्याने हालग्रिमला फोन केला.

"हालग्रिम, तुमची भट्टी आमच्याकडे येतेय म्हणे. काळजी करू नकोस. घंटा सांभाळली तशी सांभाळू."

हालग्रिमने फोन ठेवला आणि कोट चढवला.

त्याच्या मनात हिशेब सरळ होता. नावाची भट्टी एक असली तरी नाताळची बिअर ओसदालमध्ये घरोघरी होते. जुनिपर या वासाच्या झुडपाच्या फांद्या उकळून पाणी काढायचं, त्यात घरचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, आणि लाकडी कड्यावर वाळवून ठेवलेलं आज्यापणज्यांच्या वेळचं यीस्ट. कोणाचं यीस्ट बिघडलं तर शेजारून विरजण मागावं तसं मागून आणायचं. तेव्हा चार घरांनी नुसतं नाव दिलं की काम फत्ते. मागून मागून काय मागायचं, तर एक नाव.

पण हालग्रिमने इतकी वर्षं बस चालवताना माणसांकडे पाठ केलेली होती, ती अशी नडली.

पहिल्यांदा तो गेला नदीपलीकडे, सूर्याच्या बाजूला. आमच्या खोऱ्याच्या मधून नदी जाते. पलीकडच्या उतारावर हिवाळ्यातही ऊन पडतं. अलीकडे, जिथे हालग्रिमचं घर आहे त्या सावलीच्या बाजूला, हिवाळाभर सूर्य दिसत नाही. सूर्यवाले सावलीवाल्यांना पांढरे बटाटे म्हणतात आणि सावलीवाले सूर्यवाल्यांना काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर तिथे गुत्तोर्म नावाचा म्हातारा शेतकरी. त्याच्या बिअरची चव घेतलेला माणूस आठवडाभर त्याच विषयावर बोलतो.

"भट्टी?" गुत्तोर्म लाजून म्हणाला. "छे रे. आम्ही कसले भट्टीवाले? एक टोप उकळतो आपला नाताळला. तू ओस्नेकडे जा. तिच्या हाताला चव आहे. पण आलायस तर वाटीभर घे."

हालग्रिमने वाटी घेतली आणि नदी ओलांडून सावलीच्या बाजूला ओस्नेकडे गेला. ओस्ने एकटी राहायची, तिच्याकडे बारा मेंढ्या आणि खोऱ्यातलं सगळ्यात जुनं यीस्ट.

"माझी कुठली आलीय भट्टी," ओस्ने म्हणाली. "गुत्तोर्मला विचार ना. नाहीतर त्या वरच्या घरी जा. आता बस, वाटीभर घेतल्याशिवाय सोडणार नाही."

वरच्या घराने खालच्या घरी पाठवलं, खालच्याने पुलापलीकडे. सगळं खोरं असं नम्रतेने वाकलेलं, की एकाचंही नाव हाताला लागेना. वाटी मात्र कोणी चुकवली नाही. सकाळी हालग्रिम पायाने रेटायची घसरगाडी घेऊन निघाला होता. परतताना घसरगाडीच त्याला घेऊन आली.

बायको रग्नी दारात उभी होती. "किती नावं मिळाली?"

"एकही नाही. पण माणसं फार चांगली आहेत गं."

"तूही कमाल करतोस," रग्नी म्हणाली. तिने त्याचे बूट ओढून काढले. "आपल्याकडे माणसाला 'तू चांगला' म्हटलं की तो दाराआड जातो. 'शेजारी स्वतःला चांगला म्हणवतोय' असं सांग, मग बघ कसा बाहेर येतो ते."

ती हे चिडून म्हणाली होती. हालग्रिमने ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो गुत्तोर्मकडे गेला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "ओस्नेने नाव दिलं बरं का. 'ओसदालची खरी बिअर' असं नाव ठेवलंय भट्टीचं." यातलं अक्षरही खरं नव्हतं.

गुत्तोर्मने हातातलं फावडं बर्फात रोवलं. "ओस्ने? खरी बिअर? ती आंबट असते. माझी आई सांगायची, सावलीच्या बाजूला बिअर आंबटच होते. बिचाऱ्यांचा दोष नाही, ऊनच नाही तर काय करतील." मग म्हणाला, "माझं नाव लिही. 'ओसदालची पहिली भट्टी.'"

हालग्रिम तसाच नदी ओलांडून ओस्नेकडे. "गुत्तोर्मने नाव दिलं. तुझी आंबट असते म्हणाला." हे मात्र खरं होतं.

ओस्नेने मेंढीला सोडलं आणि ताठ उभी राहिली. "लिही. 'पहिल्याच्याही आधीची भट्टी.'"

आगीत तेल ओतायला यापेक्षा जास्त लागत नाही. आठवडा संपेपर्यंत दुकानात कोणी कोणाशी बोलेनासं झालं आणि हालग्रिमकडे शाळेची धरून अकरा भट्ट्या जमल्या. सात सूर्याकडच्या, चार सावलीच्या. सावलीच्या चारांत एक रग्नीची. तिने नाव दिलं तेव्हा हालग्रिमला वाटलं, बायकोने आपल्यासाठी केलं. तिने केलं होतं, कारण गुत्तोर्म सावलीच्या सगळ्याच बिअरला आंबट म्हणाला होता.

हालग्रिमने स्वीडनला फोन लावला. "पाच मागितल्या होत्या ना? अकरा घ्या."

सिक्स्टेनला आकड्यांचा आनंद होतो, पण एकदम वाढलेल्या आकड्यांचा नाही. "एका आठवड्यात एकाच्या अकरा?" तो म्हणाला. "मी स्वतः येऊन बघतो."

"अवश्य या. सगळ्यांना एकाच दिवशी बिअर लावायला सांगतो. डोळ्यांनी बघा."

सिक्स्टेन आला. उंच, नीटनेटका, कानावर टोपी, हातात दुमडलेला नकाशा. रग्नीच्या हातचे वॅफल खाऊन तो संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहिला. दोन्ही उतारांवर घरोघरी धूर निघत होता, जुनिपरचा वास खोरंभर पसरला होता. "फार छान," तो म्हणाला. हालग्रिमची छाती बर्फ उपसणाऱ्या गाडीएवढी रुंद झाली. त्याला तेव्हाच कळत होतं, की ओसदाल वाचलं. "तुम्ही इथेच थांबा," असं सांगून तो घरी रग्नीला मदत करायला गेला. सांगायचं एवढंच राहिलं, की आमच्याकडे यीस्ट घालताना ओरडतात.

ही जुनी रीत आहे. माल्टच्या कोमट रसात यीस्ट सोडायचं आणि त्याच क्षणी पोटातून आरोळी ठोकायची. जितकी मोठी आरोळी, तितकी कडक बिअर. एरवी प्रत्येक जण आपापल्या दिवशी, आपापल्या घरात एकदा ओरडून मोकळा होतो. त्या दिवशी अकरा घरं एकाच वेळी, आणि तीही एकमेकांवर पेटलेली.

पहिली आरोळी गुत्तोर्मची. खोरं घुमलं. लगेच अलीकडून ओस्नेची, त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत. मग सूर्यवाले सगळे मिळून. मग सावलीवाले सगळे मिळून, त्यात रग्नीचा आवाज हालग्रिमच्या अगदी कानाशी. एकदा ओरडून झालं होतं, यीस्ट कधीच आत गेलं होतं, पण माघार कोण घेणार? म्हातारे अंगणात येऊन ओरडू लागले. कुत्री ओरडू लागली. डोंगर दोन्हीकडचं घेऊन दुप्पट करून परत देऊ लागले.

पुलावर काळोखात एकट्याच उभ्या असलेल्या सिक्स्टेनला वाटलं, दरड कोसळली आणि घरंच्या घरं गाडली गेली. त्याने नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं. आणीबाणीचा नंबर लावला.

आता आणीबाणीचा नंबर लावला की जवळचा बंब येतो. आणि जवळचा बंब कोणाचा, ते वर सांगितलंच आहे.

घाटातून निळे दिवे फिरवत स्क्रेदालचा बंब उतरला तेव्हा ओसदालचा घसा बसलेला होता. घाटाचा रस्ता सावलीच्या बाजूने येतो, त्यामुळे गाडी थांबली ती थेट ओस्नेच्या अंगणात. एम्ब्रिक शिरस्त्राण घालून खाली उडी मारून उतरला, मागून चार गडी फावडी घेऊन.

"कोण गाडलंय?"

"कोणी नाही," ओस्ने घोगऱ्या आवाजात म्हणाली. "यीस्ट घातलं."

एम्ब्रिकने शिरस्त्राण काढलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण घाटातल्या थंडीने त्याच्या मिश्यांवर बर्फ जमला होता, आणि दारात आलेल्याला तसंच पाठवणं ओस्नेला जमलं नसतं, मग तो स्क्रेदालचा का असेना. तिने तळघरातून आधीच्या खेपेची बिअर आणली. चालवणारा सोडून सगळ्यांनी वाट्या घेतल्या. तोवर पुलावरून सिक्स्टेन आणि घरून हालग्रिम-रग्नी धावत आले होते. सगळे एम्ब्रिककडे बघत उभे.

एम्ब्रिकने घोट घेतला. मिशी पुसली. पुन्हा घोट घेतला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे यापुढे स्तुतीला जागा नसते. माणूस जन्मभर बिअर करतो आणि एवढे दोन शब्द ऐकायला मिळतात की नाही याची शाश्वती नसते. ओस्नेने तोंड फिरवून डोळ्यांना रुमाल लावला. रग्नीने आपली वाटी पुढे केली. एम्ब्रिकने तीही चाखली. "हीसुद्धा वाईट नाही."

नेमक्या त्याच वेळी नदीपलीकडून, राहिलेल्या सगळ्या आवाजानिशी, गुत्तोर्म ओरडला. "आंबट आहे ना?"

ते सगळ्यांनी ऐकलं.

ओस्नेने वाटी खाली ठेवली आणि सिक्स्टेनकडे वळली. "अहो पाहुणे, तुमचा विभाग नदीवर तुटू शकतो का?"

सिक्स्टेनने तिथेच, बंबाच्या उजेडात, नकाशा उलगडला. डोंगरमाथ्यावरून रेघ ओढताना त्याला नेहमी त्रास व्हायचा, माथा कुठला आणि उतार कुठला हे कळत नसे. नदी म्हणजे कशी, स्वच्छ निळी रेघ. त्याचा चेहरा उजळला. "नदी ही उत्तम सीमा आहे," तो म्हणाला. "पलीकडे सात भट्ट्या, म्हणजे ओसदाल राहतंच. अलीकडच्या चार मात्र..."

"आमच्याकडे द्या," एम्ब्रिक म्हणाला. "आंबट म्हणणार नाही आम्ही."

"थांबा," हालग्रिम म्हणाला. "अहो, थांबा जरा. माझं घर अलीकडे आहे. मी त्याच घरात जन्मलोय. हे ओसदाल आहे. घंटा विसरलात काय सगळे?"

"घंटेने मला चांगलं म्हटलं नाही कधी," ओस्ने म्हणाली.

हालग्रिमने रग्नीकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याकडे इतक्या आशेने पहिल्यांदाच बघत होता.

"भट्टी माझ्या नावावर आहे," रग्नी म्हणाली. "मी स्क्रेदाल म्हणतेय. तुला ओसदालमध्ये राहायचं असेल तर राहा की. गुत्तोर्मच्या गोठ्यात जागा असेल."

तो नकाशा नाताळच्या आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर आला. ओसदाल स्वतंत्र, सात भट्ट्यांचं, ठळक रेघेत. हालग्रिमने बोलून दाखवलं होतं तसंच झालं, त्यात कोणाला खोट काढता आली नसती. दुकानात गुत्तोर्मने त्याचा हात हातात घेऊन आभारही मानले, आणि मग विचारलं, की तिकडे तुमच्या स्क्रेदालमध्ये बर्फ कसा आहे.

हालग्रिमने हार मात्र मानली नाही. रोज सकाळी तो दारापुढचा बर्फ उपसतो, वाट्या धुऊन मांडतो आणि येणाऱ्यांची वाट बघतो, कारण रग्नीने ते काम त्याला लावून दिलंय. परवा डेन्मार्कहून एक तरुण जोडपं आलं. वाटी रिकामी केली, मोबाइलमध्ये खूण केली, आणि त्यातल्या मुलीने आपुलकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही मूळचे स्क्रेदालचेच का?"

हालग्रिमने नदीपलीकडे पाहिलं. मग आत पाहिलं, जिथे रग्नी रस ढवळता ढवळता थांबली होती.

"नाही," तो म्हणाला. "लग्न करून आलो."